प्राचीन दैवतं आणि गूढ ग्रंथ: वाचायला सुरुवात कुठून करायची, कोणत्या क्रमाने

ग्रीकांची डीमीटर, इजिप्तची आयसिस, सुमेरची इनाना, आइसलँडच्या काव्यांतला ओडिन, नाहीतर हर्मीस या पौराणिक गुरूच्या नावावर चालत आलेली गूढविद्या. यांची ओढ असलेले वाचक सोलापुरात कमी नाहीत, पण बहुतेकांची सुरुवात एकाच ठिकाणी चुकते. कुणीतरी मोबाईलवर पीडीएफ पाठवतं. मुखपृष्ठावर पिरॅमिड आणि त्याखाली 'हजारो वर्षं लपवून ठेवलेलं ज्ञान'. वाचक मन लावून वाचतो, रेघा मारतो, मित्रांना सांगतो. पुढे कधीतरी कळतं की ते पुस्तक १९०८ साली अमेरिकेत लिहिलेलं आहे. मग काहींचा सगळ्या विषयावरचाच विश्वास उडतो. काहींना तारीख कळूनही फरक पडत नाही, आणि ते मला जास्त काळजीचं वाटतं.

दोन्ही टाळता येतं, कारण दोष पुस्तकांपेक्षा क्रमाचा असतो. आधी मूळ ग्रंथ, मग त्यावरचा अभ्यास, आणि आजच्या लेखकांनी त्यातून जे घडवलं ते शेवटी. खाली हाच क्रम दिला आहे. उदाहरणासाठी डीमीटर, म्हणजे ग्रीकांची धान्याची देवी, घेतली आहे, कारण तिचं मूळ स्तोत्र छोटं आहे आणि फुकट मिळतं.

## तयारी

दोनशे पानी वही घ्या आणि उघडल्यावर समोर येणाऱ्या दोन पानांवर तीन रकाने आखा: दिसलेलं, सांगितलेलं, लिहिलेलं. दिसलेलं म्हणजे मूर्ती, मंदिराचे अवशेष, नाणी, विधी. जे डोळ्यांना किंवा उत्खननाला सापडतं ते. सांगितलेलं म्हणजे कथा आणि परंपरा, जी कुणी तरी कुणाला तरी सांगत आलं आहे. लिहिलेलं म्हणजे विशिष्ट ग्रंथात, विशिष्ट ओळीत असलेलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन रकान्यांवर उभ्या आहेत. वही मोबाईलमध्ये नको, कागदाचीच हवी. स्क्रीनवर रकाने एकमेकांत मिसळतात आणि कॉपी-पेस्ट करून भरले जातात.

इंग्रजी वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचता येत असेल, तर भाषेची तयारी पुरेशी आहे. घरात कन्नड किंवा तेलुगू असेल, जे सोलापुरात सहज असतं, तर दुसऱ्या पायरीला त्याचा मोठा उपयोग होईल.

एक लहान पण महत्त्वाची गोष्ट: परदेशी दैवतांची नावं मराठीत प्रत्येक जण वेगळी लिहितो. डीमीटर, डिमिटर, देमेतर ही एकच देवी आहे. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर रोमन लिपीतलं स्पेलिंगही लिहून ठेवा. शोध घेताना तेच लागतं.

## पायरी १: एकच दैवत, एकच प्रश्न

'मला सगळं गूढ ज्ञान समजून घ्यायचं आहे' असं म्हणून बसलेला वाचक दुसऱ्या महिन्यात थांबतो. एक दैवत निवडा आणि वहीत एका वाक्याचा प्रश्न लिहा. तो असा असावा की पुस्तक वाचून उत्तर मिळालं की नाही ते सांगता येईल. 'डीमीटर म्हणजे काय?' यातून काही हाती लागत नाही. 'डीमीटरची मुलगी वर्षातले किती महिने पाताळात राहते, आणि हे कोण सांगतं?' हा चांगला प्रश्न आहे.

तपासा: प्रश्नात 'कोण सांगतं' किंवा 'कशात लिहिलंय' असा भाग आहे का? नसेल तर जोडा.

## पायरी २: आधी आपल्या गावच्या दैवतावर हात बसवा

ही पायरी गाळू नका. सोलापूरकराला यात जी सोय आहे ती फार कमी शहरांतल्या वाचकांना मिळते.

ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर घ्या. संक्रांतीच्या दिवसांतली गड्ड्याची यात्रा आपण लहानपणापासून पाहतो. सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, नंतर होम. हे सगळं 'दिसलेलं' या रकान्यात जाईल. कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्नाचा आग्रह धरला आणि तिचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, ही कथा आजी-आजोबांनी सांगितली. ती 'सांगितलेलं' मध्ये लिहा. तिसऱ्या रकान्यासाठी कन्नड लागेल. सिद्धराम बाराव्या शतकातले, बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले. त्यांची वचनं कन्नडात आहेत आणि वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' अशी मुद्रा येते. राघवांक या कन्नड कवीने त्यांच्यावर चरित्रकाव्य लिहिलं आहे.

आता तिन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा. यात्रेत दिसणारी प्रत्येक गोष्ट वचनांत असेलच असं नाही. वचनांत ज्याच्यावर भर आहे तो यात्रेत दिसेलच असंही नाही. यात कुणी खोटं ठरत नाही. भक्ताची श्रद्धा, कवीचं काव्य आणि शरणाचं, म्हणजे सिद्धरामांसारख्या संताचं, वचन यांचं प्रत्येकाचं काम वेगळं असतं. हा फरक आपल्या ओळखीच्या दैवतावर एकदा नीट पाहिला की डीमीटरचं तीर्थ असलेल्या ग्रीसमधल्या एल्युसिसबद्दल किंवा इजिप्तमधल्या थीब्जबद्दल वाचताना तो आपोआप दिसतो. ज्यांनी ही पायरी केली नाही, ते परदेशी कथा वाचताना ग्रंथातलं काय आणि पुस्तकाच्या लेखकाने भरलेलं काय, हे शेवटपर्यंत ओळखू शकत नाहीत.

सिद्धेश्वरांऐवजी रूपाभवानी, बाळ्याचा खंडोबा किंवा मार्कंडेय घेतलात तरी चालेल. ज्याची यात्रा किंवा रथोत्सव तुम्ही स्वतः पाहिला आहे, तेच दैवत घ्या.

सावधान: हे करताना घरात वाद घालू नका. 'हे ग्रंथात नाहीच' असं आईला सुनावणं हा या पायरीचा हेतू नाही.

## पायरी ३: पुस्तक कोणत्या थरातलं आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश चला. हातात येणारं प्रत्येक पुस्तक या चारपैकी एका थरात बसतं.

पहिला थर मूळ ग्रंथांचा: स्तोत्रं, मंत्र, शिलालेख, प्राचीन कवींची काव्यं. दुसरा त्यांच्या अनुवादांचा. तिसरा अभ्यासकांच्या पुस्तकांचा, ज्यांत पानोपानी तळटीपा असतात. चौथा आधुनिक साधनापंथांचा, म्हणजे प्राचीन नावं घेऊन गेल्या दीडशे वर्षांत रचलेल्या शिकवणुकीचा.

चौथ्या थरातली पुस्तकं टाकाऊ नाहीत. काही मनापासून लिहिलेली आहेत आणि काहींनी माणसांना आधारही दिला आहे. फक्त ती पहिल्या थरातली समजून वाचू नका.

सुरुवातीला ज्या १९०८ च्या पुस्तकाचा उल्लेख केला ते 'द किबॅलियन'. लेखकाच्या जागी 'तीन दीक्षित' एवढंच छापलेलं आहे. त्यात विश्वाची सात तत्त्वं हर्मीसची म्हणून दिली आहेत. अभ्यासक ते विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन या अमेरिकन लेखकाचं मानतात. हाच लेखक 'योगी रामचरक' या नावानेही योगावर पुस्तकं लिहीत होता, आणि ती पुस्तकं भारतीय योग्याची समजून भारतातही वाचली गेली. पण हर्मीसच्या नावावरचे जे जुने ग्रीक संवाद प्रत्यक्ष उपलब्ध आहेत, त्यांत सात तत्त्वांची ही यादी नाही.

असाच घोटाळा 'पाचूच्या पाटी'चा होतो. एक आहे हर्मीसच्याच नावावर अरबी परंपरेतून आलेला, जेमतेम एका पानाचा जुना मजकूर, जो किमयागार शतकानुशतकं वाचत आले. दुसरं आहे विसाव्या शतकात डोरिअल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने प्रसिद्ध केलेलं, अटलांटिस या बुडालेल्या बेटाच्या कथा सांगणारं पुस्तक. नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना बऱ्याचदा दुसरंच हाती लागतं. 'नेक्रोनॉमिकॉन' तर एका अमेरिकन भयकथालेखकाने आपल्या कथांसाठी कल्पिलेला ग्रंथ आहे. त्या नावाने बाजारात मिळणाऱ्या प्रती नंतर तयार झाल्या. सर्वांत जास्त खपणारी १९७७ सालची आहे.

थर ओळखायला मुखपृष्ठ उपयोगी नाही. हे पाहा:

1. शीर्षकपानाच्या मागचं पान. पहिल्या प्रकाशनाचं साल काय? पुनर्मुद्रणाचं साल धरू नका.
2. अनुवादकाचं नाव आहे का? ग्रीक किंवा इजिप्शियन ग्रंथाचा 'अनुवाद' आहे पण अनुवादक नाही, असं असेल तर पुस्तक खाली ठेवा.
3. कोणत्या हस्तलिखितावरून किंवा छापील संहितेवरून अनुवाद केला, हे प्रस्तावनेत आहे का?
4. उताऱ्यांच्या कडेला ओळींचे किंवा परिच्छेदांचे क्रमांक आहेत का? मूळ ग्रंथाच्या नीट अनुवादात ते असतात.
5. शेवटी सूची आहे का?

या पाचांपैकी एकही नसेल तर पुस्तक चौथ्या थरात ठेवा. पीडीएफमध्ये पहिली पानं कापलेली असतील तर पुस्तकाचं नाव आणि साल वेगळं शोधा, मगच वाचा.

एक बारकावा: मूळ ग्रंथ म्हणजे दैवत पूजलं जात होतं त्याच काळातला, असं दर वेळी नसतं. ओडिन आणि थॉरच्या कथा गद्यात सविस्तर लिहून ठेवणारा स्नोरी स्टर्लुसन १२२० च्या आसपासचा, आणि आइसलँडने ख्रिस्ती धर्म साधारण इ.स. १००० ला स्वीकारला होता. आयसिसचा नवरा ओसायरिस याची अखंड कथाही आपल्याला प्लूटार्क या ग्रीक लेखकाकडून मिळते. खुद्द इजिप्तच्या पिरॅमिडमधल्या कोरीव मंत्रांत ती तुकड्यातुकड्यांनी आहे, आणि ते मंत्र प्लूटार्कच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचे आहेत. वहीत ग्रंथाच्या नावापुढे लिहिणाऱ्याचा काळही नोंदवा.

## पायरी ४: पुस्तकं मिळवा

आधी मराठी संदर्भ. 'मराठी विश्वकोश' ऑनलाइन फुकट वाचता येतो. दैवताची प्राथमिक नोंद तिथून घ्या. महादेवशास्त्री जोशी यांच्या 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड वाचनालयाच्या संदर्भ विभागात विचारा. सहसा ते घरी देत नाहीत, बसून वाचावे लागतात. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. विद्यापीठात किंवा जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत बाहेरच्या वाचकाला बसून वाचायची परवानगी हवी असेल, तर विषय लिहून अर्ज द्या.

'गूढविद्येची पुस्तकं आहेत का?' असं विचारलं की ग्रंथपाल तुम्हाला भविष्य आणि हस्तरेषांच्या कपाटाकडे पाठवतील. दशांश वर्गीकरण असलेल्या ग्रंथालयात ते कपाट १३३ चं. तुम्हाला हवं ते इतरत्र आहे: २९२ मध्ये ग्रीक-रोमन धर्म, २९३ मध्ये जर्मानिक धर्म, २९९ मध्ये इतर प्राचीन धर्म, ३९८ मध्ये लोकसाहित्य आणि ८८० मध्ये ग्रीक साहित्य. इंग्रजी विभागातलं ८८० चं कपाट बहुधा कुणी हलवलेलं नसतं. होमर आणि ग्रीक नाटकं तिथेच शोधा.

मूळ ग्रंथांचे जुने इंग्रजी अनुवाद विकत घ्यायची गरज नाही. भारतात लेखकाच्या किंवा अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे इंटरनेट आर्काइव्ह आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अशी पुस्तकं राजरोस मिळतात. डीमीटरच्या स्तोत्रासाठी एव्हलिन-व्हाइट यांचा १९१४ चा अनुवाद घ्या. तो लोब ग्रंथमालेतला आहे, म्हणजे डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी. छापून घ्यायचं तर फक्त त्या स्तोत्राची पानं झेरॉक्सवाल्याकडून एका बाजूने काढून घ्या. कोरी बाजू टिपणांना उपयोगी पडते.

सावधान: पुनर्मुद्रणाच्या स्वस्त प्रती ऑनलाइन दुकानांत भरपूर आहेत. इजिप्तच्या मृतांच्या ग्रंथासाठी सगळ्यात सहज मिळतो तो बज यांचा १८९५ चा अनुवाद. चित्रलिपीचं ज्ञान त्यानंतर खूप पुढे गेलं. शक्य असेल तर फॉकनर यांचा १९७२ चा अनुवाद वाचा.

## पायरी ५: मूळ ग्रंथ तीनदा वाचा

आपल्याकडे पारायणाची सवय असते. ठरलेले अध्याय ठरलेल्या दिवसांत पूर्ण करायचे. भक्तीसाठी ती रीत योग्य आहे, पण इथे ती आड येते, कारण मन पुढच्या पानाकडे धावतं. या कामात थोडं घ्यायचं आणि तेच पुन्हा वाचायचं.

डीमीटरचं स्तोत्र ४९५ ओळींचं आहे. एका बैठकीत होतं.

पहिलं वाचन सलग, पेन न घेता. पर्सेफनी फुलं तोडताना पाताळाचा राजा हेडीस तिला पळवून नेतो. आई नऊ दिवस मशाली घेऊन शोधत फिरते, म्हातारीच्या रूपात एल्युसिसच्या राजवाड्यात दाई म्हणून राहते, राजपुत्राला अमर करण्यासाठी रात्री आगीत ठेवते, त्याची आई ते पाहून किंचाळते आणि सगळं फिसकटतं. मग दुष्काळ. मग देवांचा राजा झ्यूस याची शरणागती.

दुसरं वाचन वही घेऊन. प्रत्येक नोंदीपुढे ओळीचा क्रमांक लिहा. आता पहिल्या पायरीतला प्रश्न उघडा: किती महिने? बहुतेक गोष्टींच्या पुस्तकांत तुम्ही वाचलं असेल की पर्सेफनीने डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले म्हणून ती सहा महिने खाली राहते. स्तोत्रात दाणा एकच आहे, आणि ती वर्षाचा एक तृतीयांश काळ खाली राहते. सारखे दोन भाग रोमन कवी ऑव्हिड करतो, आणि तो सुमारे सहाशे वर्षं नंतरचा. त्याच्याही एका काव्यात दाणे सात, दुसऱ्यात तीन. सहा दाणे या तिन्ही ठिकाणी नाहीत. एवढं एक उदाहरण स्वतःच्या हाताने वहीत उतरवलं की यापुढे कुठल्याही पुस्तकातला आकडा तुम्ही आंधळेपणाने घेणार नाही.

तिसरं वाचन जे लिहिलेलं *नाही* त्यासाठी. एल्युसिसच्या गूढविधीत दीक्षितांना काय दाखवलं जायचं, हे स्तोत्र सांगत नाही. उलट, ते उघड करता येत नाही असंच सांगतं. दीक्षितांनी ते गुपित जवळजवळ हजार वर्षं पाळलं. 'एल्युसिसच्या विधीचं संपूर्ण रहस्य' अशी जाहिरात करणारं पुस्तक हातात आलं तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हे कुणी, कुठे लिहून ठेवलं?

स्तोत्राचं एकच मध्ययुगीन हस्तलिखित १७७७ मध्ये मॉस्कोत सापडलं, आणि त्याचं पान फाटलेलं असल्याने काही ओळी तुटक आहेत. अनुवादात चौकटी कंस दिसले तर ते संपादकाने अंदाजाने भरलेले शब्द आहेत असं समजा. नेमक्या अशा ओळींवर मोठा सिद्धांत उभारलेला दिसला तर सावध व्हा.

तपासा: 'लिहिलेलं' या रकान्यात ओळीच्या क्रमांकाशिवाय एकही नोंद नको. 'दिसलेलं' रिकामं असेल तर एल्युसिसच्या सभागृहाचे अवशेष आणि अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातलं डीमीटर-पर्सेफनीचं शिल्प यांचे फोटो पाहा आणि फक्त जे दिसतं तेच लिहा. आपल्या देवळासारखा गाभारा तिथे शोधू नका. ते हजारो माणसं एकत्र बसतील असं सभागृह होतं.

## पायरी ६: आता अभ्यासकाचं पुस्तक

अभ्यासग्रंथ कसा वाचतात, हे आधी मराठीत शिका. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' घ्या. सगळं वाचायची गरज नाही, एक प्रकरण पुरे. ढेरे माहात्म्य, शिलालेख, कन्नड-तेलुगू परंपरा आणि धनगर-गवळ्यांच्या कथा कशा शेजारी मांडतात ते पाहा. पुरावा कुठे थांबतो आणि ढेऱ्यांचं अनुमान कुठे सुरू होतं, तिथे पेन्सिलने खूण करा. हे जमलं की डीमीटरसाठी हेलेन फोली यांचं १९९४ चं पुस्तक घ्या. त्यात मूळ ग्रीक, अनुवाद आणि टीका एकत्र आहे. गूढपंथांचा आवाका कळायला वॉल्टर बुर्कर्ट यांचं १९८७ चं छोटं पुस्तक पुरतं.

इथे होणारी चूक म्हणजे अनुमानाला निष्कर्ष समजणं. एल्युसिसला दीक्षित जे जवाचं पेय पीत, त्यात बुरशीमुळे भास घडवणारं द्रव्य होतं, असा तर्क १९७८ मध्ये तीन लेखकांनी मांडला. तर्क लक्षवेधी आहे. स्तोत्रात मात्र पाणी, जव आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती एवढंच आहे. वहीत असा तर्क वेगळ्या रंगाने लिहा आणि पुढे मांडणाऱ्याचं नाव लिहा.

## पायरी ७: गूढ ग्रंथ

दैवत वाचून झाल्यावरच हर्मेटिक, म्हणजे हर्मीसच्या नावावरच्या, ग्रंथांकडे वळा. हे संवाद आहेत, गुरू आणि शिष्यातले, आणि आपल्या वाचकाला हा ढाचा घरचाच वाटतो. त्या ओळखीमुळेच घाई होते. 'हे तर आपल्या उपनिषदात आहेच' म्हणून माणूस वाचणं थांबवतो.

पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या फिचिनोने यांचा लॅटिन अनुवाद केला, तेव्हा ते मोझेसच्या काळातले समजले जात. १६१४ मध्ये कासोबाँ या विद्वानाने भाषेवरून दाखवून दिलं की ते ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांतले आहेत. म्हणजे 'अतिप्राचीन' असल्याचा दावा चारशे वर्षांपूर्वीच तपासला गेला आहे. ग्रंथांचं मोल त्याने कमी झालं नाही, असं माझं ठाम मत आहे. पहिला संवाद, 'पोइमान्ड्रेस', आजही मनाला भिडतो. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ पुरून ठेवलेल्या ग्रंथांत याच परंपरेचा आणखी एक संवाद कॉप्टिक भाषेत मिळाला.

क्रम असा ठेवा: पहिला संवाद, मग माणसाच्या आत्मिक नवजन्मावरचा तेरावा, मग नाग हम्मादीतला. पहिल्या दोघांसाठी ब्रायन कोपनहेव्हर यांचा १९९२ चा अनुवाद आणि टिपा वापरा; नाग हम्मादीतला संवाद त्यात नाही. एका बैठकीत एकच संवाद. वाचून झाल्यावर शिष्य नेमकं काय विचारतो, त्याचे प्रश्न ओळीने लिहा. गुरूची उत्तरं त्यानंतर पाहा. प्रश्न लिहिल्याने उत्तरं स्वतःच्या मनातून भरली जात नाहीत.

आधुनिक पुस्तकं आता उघडा. तुम्हाला ती वेगळीच दिसतील. आपल्याकडच्या विषयावरही हाच प्रयोग करून पाहा. सात चक्रांना इंद्रधनुष्याचे सात रंग देणारे तक्ते योगवर्गांत लावलेले असतात, आणि त्यांत हृदयाचं चक्र हिरवं असतं. पूर्णानंदांच्या १५७७ च्या 'षट्चक्रनिरूपणा'त अनाहताचं कमळ बंधूक फुलासारखं लाल आहे, आणि मणिपूराचं पाण्याने भरलेल्या ढगासारखं. इंद्रधनुष्याचा तक्ता विसाव्या शतकातला आहे.

## पायरी ८: तुलना करा, पण शेवटी

तुलनेचा मोह पहिल्या पानापासून होतो. तो इथपर्यंत आवरा. आता एका पानावर दोन भाग करा: साम्य आणि फरक. फरकाची बाजू साम्याइतकी भरल्याशिवाय पान उलटू नका.

पर्सेफनी आणि सीता घ्या. दोघी धरणीच्या पोटात जातात, हे साम्य. पण सीता स्वतः बोलावते, धरणी तिची आई आहे, आणि ती परत येत नाही. पर्सेफनीला पळवून नेलं जातं, आई वर आहे, आणि ती दर वर्षी परत येते. फरक लिहिल्यावरच दोन्ही कथा स्वच्छ दिसतात.

सावधान: कानाला सारखी वाटणारी नावं म्हणजे पुरावा नव्हे. वैदिक द्यौस् आणि ग्रीक झ्यूस यांचं नातं भाषाशास्त्राच्या नियमांनी सिद्ध झालेलं आहे. बॅबिलोनची देवी इश्तार आणि ख्रिस्ती सण ईस्टर यांचं तसं काही नातं नाही, तरी ते असल्याचा संदेश दर वर्षी फिरतो. दैवतांची जोडी लावण्याची सवय मात्र जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आयसिस म्हणजेच डीमीटर असं लिहून ठेवलं. अशी नोंद 'लिहिलेलं' मध्ये हिरोडोटसच्या नावाने जाईल, सत्य म्हणून नाही.

## पायरी ९: पुस्तकातला विधी करून पाहायचा असेल तर

दिवा लावून स्तोत्र मोठ्याने वाचणं, फुलं वाहणं, शांत बसणं यात काही अपाय नाही. मी तर मोठ्याने वाचायचा आग्रहच धरीन, कारण ही स्तोत्रं गायलेली आहेत. पण काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

पुस्तकात वनस्पती पोटात घ्यायला किंवा अंगाला लावायला सांगितली असेल तर ते करू नका. युरोपातल्या वनस्पतीऐवजी इथला धोत्रा किंवा कण्हेर वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसापासून दूर राहा. दोन्ही विषारी आहेत. लांब उपवास आणि जागरण टाळा. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर ती कुठल्याही पुस्तकासाठी थांबवू नका आणि एकांतातल्या प्रयोगाआधी डॉक्टरांना सांगा. 'पुढची दीक्षा' पैसे भरल्यावर, असं म्हणणाऱ्या ऑनलाइन गुरूला एकच विचारा: तुमचा मूळ ग्रंथ कोणता आणि त्याचा अनुवादक कोण? अघोरी प्रकार करायला लावणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या.

## पायरी १०: दुसरं दैवत

दुसरं दैवत पहिल्याच्या शेजारचं घेऊ नका. डीमीटरनंतर लगेच ग्रीकांचीच आर्टेमिस घेतली तर जुन्याच टिपणांवर वाचन चालतं. इनाना घ्या. तिच्या पाताळप्रवासाचं सुमेरी काव्य साधारण ४०० ओळींचं आहे आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सुमेरी साहित्याच्या ऑनलाइन संग्रहात इंग्रजी अनुवादासह फुकट वाचता येतं. तिला सात दरवाजे ओलांडावे लागतात आणि प्रत्येक दरवाजावर अंगावरची एकेक वस्तू उतरवली जाते. शेवटी तिचा नवरा ड्युमुझी अर्धं वर्ष आणि त्याची बहीण अर्धं वर्ष पाताळात राहतात. पाताळात जाणं आणि वर्षाची वाटणी या दोन्ही गोष्टी तुम्हाला डीमीटरच्या वहीतून ओळखीच्या वाटतील, म्हणून वही बंद ठेवून वाचा. वर्षाची वाटणी कुणाची आणि का, हे ओळीच्या क्रमांकासह नव्या पानावर लिहा. इनाना स्वतःहून खाली गेली की तिला नेलं गेलं, हेही लिहा. मगच डीमीटरची पानं शेजारी उघडा.